कांचनचा कोरा कागद

हे मी अनिरुद्धलाही सांगितलेलं नाही. अनिरुद्ध माझा नवरा. माझ्या मनात काय चाललंय ते त्याला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं, असा त्याचा दावा आहे. कळत नाही. हे तर अजिबातच कळलेलं नाही. आईला नाही सांगितलं, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि सांगून झाल्यावर तुम्ही जे म्हणाल ते मला ऐकावं लागणार नाही. भित्रेपणाच आहे हा. असू दे.

मी एका बाईला उठवलं. तिच्या कामातून, तिच्या माणसांतून, शेवटी गावातून. आणि त्यासाठी मी एकही खोटं वाक्य बोलले नाही — हा माझा त्या वेळचा केवढा अभिमान! जे बोलले ते खरं होतं. अर्धं होतं, एवढंच. उरलेल्या अर्ध्याकडे यायला मला थोडा वेळ लागेल.

आम्ही जर्मनीत नेकारसुल्मला राहतो. इथे मोटारींचा मोठा कारखाना आहे, आणि त्याच्या जिवावर इथे आलेली आपली बरीच मराठी घरं आहेत. इंजिनिअर नवरे, कधी इंजिनिअर बायका, आणि मराठी कळणारी पण उत्तर जर्मनमध्ये देणारी मुलं. त्या मुलांसाठी आमचं मंडळ दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरवायचं. एका शाळेने खोली दिली होती. मी मंडळाची चिटणीस. सभेचा वृत्तांत, खोलीच्या किल्ल्या, गणपतीत कोणी काय करून आणायचं त्याची यादी, सगळं माझ्याकडे. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, असं मला वाटायचं. वाटायला फार बरं असतं ते.

आणि वर्ग घ्यायची कांचन.

कांचन बार्शीची. तिचा नवरा अनिरुद्धच्याच विभागात. तिकडे डी.एड. करून दोन वर्षं शाळेत शिकवलेलं, मग लग्न, मग इथे. आवाज असा की खोलीबाहेरच्या पार्किंगमध्ये ऐकू यावा. मराठी शिकवायची म्हणजे काय करायची? पुस्तक उघडायचीच नाही. मुलांना थालीपीठ थापायला लावायची. खोटा बाजार मांडायची. मुद्दाम भांडणं लावून द्यायची — "मराठीत भांडा, जर्मनमध्ये भांडला तो आउट!" आणि ती सगळी पोरं, जी घरी आईबापांना एका शब्दात वाटेला लावायची, ती तिथे कमरेवर हात ठेवून तावातावाने मराठीत भांडायची.

माझी रेवा तेव्हा सात वर्षांची. मी विचारायचे, "रेवा, जेवायला काय करू?" ती म्हणायची, "एगाल." म्हणजे काहीही, मला काय त्याचं. सात वर्षं मी तिच्याशी चिकाटीने मराठीत बोलत होते आणि सात वर्षं मला हे एगाल मिळत होतं. एका रविवारी वर्गातून आल्यावर तिने आपणहून नाशिकला आजीला फोन लावला आणि अर्धा तास बोलली. अर्धा तास! मी स्वयंपाकघरात हातात लाटणं घेऊन ऐकत उभी. मध्येच म्हणाली, "आजी, लई भारी झालं होतं थालीपीठ." फोन स्पीकरवर होता, तिकडे माझ्या सासूबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, "अगं वैदेही, ही तर बार्शीची झाली की! कोणी शिकवलं गं एवढं छान?" रेवा म्हणाली, "कांचनमावशीने."

मला आनंद झाला असेल, असं वाटतं तुम्हाला? मला संताप आला. तो 'लई' माझ्या घरात नको होता. मी रेवाला म्हटलं, लई नाही म्हणायचं, खूप म्हणायचं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जर्मन सुरू केलं.

हेवा होता. पण केवळ हेव्यापोटी मी एवढं केलं असतं का? नाही — तसं म्हणून मी स्वतःला स्वस्तात सोडवून घेतेय.

तर, कागद. इथे मुलांबरोबर काम करायचं तर, मग ते फुकट का असेना, सरकारी दाखला लागतो. फ्युरुंग्सत्सोइग्निस. म्हणजे तुमच्यावर कसला गुन्हा नाही ना, याचा कागद. आम्हाला खोली देणाऱ्या शाळेने त्या वर्षी तो मागितला. पद्धत अशी की मंडळाच्या एका माणसाने तो पाहायचा, नाव आणि तारीख लिहून घ्यायची आणि कागद जिथल्या तिथे परत द्यायचा. प्रत ठेवायची नाही. कोणापाशी बोलायचं नाही. तो पाहणारा माणूस म्हणजे मी.

कांचन तो घेऊन माझ्या घरी आली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, सोबत शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा. कोट काढायच्या आधीच तिने कागद माझ्यापुढे धरला. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली दोनच शब्द. नोंद नाही.

"बघ की," ती म्हणाली, "कोरा. वैदेही, कोरा आलाय गं!" आणि रडली. मग स्वतःच हसली, डोळे पुसले, म्हणाली, वकिलाने सांगितलंय, अमुक वर्षं झाली की नोंद दाखल्यातून जाते. मग आपण कुणालाही सांगू शकतो की माझ्यावर काही नाही. कायद्यानेच सांगू शकतो. कुणी ते उकरून आपल्याविरुद्ध वापरायचं नाही. तेवढ्यासाठी ती थांबली होती. मधल्या वर्षांत जर्मन शिकली, बालवाडीतल्या शिक्षिकेचं इथलं शिक्षण घेतलं, आणि त्याच महिन्यात एका किटामध्ये — बालवाडीत — तिला नोकरी लागली होती. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे कारण न देता काढून टाकू शकतात. ते पार पडले की कायम.

हा आनंद घेऊन ती माझ्याकडे का आली? कारण त्या कोऱ्या कागदामागे काय होतं, ते या गावात तिच्या नवऱ्याखेरीज फक्त माझ्या घरात माहीत होतं.

पुढच्या रविवारी पालकांची सभा होती. वीसेक माणसं, लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे मुडपून बसलेली. अध्यक्षांनी सांगितलं, कांचनचा दाखला आलेला आहे, चिटणीसांनी पाहिलेला आहे, सगळं व्यवस्थित आहे. एवढ्यावर विषय संपत होता. पुढचा विषय दिवाळीच्या हॉलचा होता. मी हात वर केला.

मी म्हटलं, "मला एक कळत नाही. हा दाखला म्हणजे सगळं दाखवतो का? की जुनं असेल ते काही वर्षांनी आपोआप पुसलं जातं?"

बस. प्रश्नच तर होता. मी तो कांचनकडे न बघता विचारला, पण विचारून झाल्यावर — हे मी ठरवून केलं — विचारून झाल्यावर क्षणभर तिच्याकडे पाहिलं. आणि लगेच नजर खाली घेतली, जणू चुकून बोलून गेले. वीस माणसांनी माझी नजर जाताना पाहिली, आणि येताना पाहिली. कुणीतरी म्हणालं, "गेनाऊ, अगदी बरोबर, चांगला मुद्दा आहे." कांचनचा चेहरा असा झाला की त्या खोलीत जो कोणी तिच्याकडे बघेल त्याला वाटावं, हिचं काहीतरी आहे. मला ते दिसलं. आणि मला — काय झालं म्हणून सांगू? बरं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं.

नंतर चहाचे कप विसळताना एक आई माझ्याजवळ आली. स्वभावाने चांगली बाई, दोन मुलं वर्गात. हळूच म्हणाली, "वैदेही, काही आहे का गं?"

मी म्हटलं, "नको बाई, मला कुणाचं काही सांगायचं नाही."

"आल्झो, म्हणजे, मुलांचा प्रश्न आहे म्हणून विचारते."

मी दोन कप पुसून ठेवले. तिला थांबू दिलं. मग म्हटलं, "पोलीस केस झाली होती तिच्यावर. शिक्षाही झाली. एक म्हातारा माणूस जखमी झाला होता, पुष्कळ दिवस इस्पितळात होता. पण जाऊ दे, आता कागद कोरा आहे ना."

यात काय खोटं होतं? काही नाही. फक्त मी 'गाडी' हा शब्द वापरला नाही. तो एक शब्द घातला असता तर त्या बाईने सुस्कारा टाकला असता — अगं, अपघात होय! — आणि कप उचलून गेली असती. मला माहीत होतं ते. म्हणून तर मी तो गाळला.

आता त्या गाडीचं.

रेवाच्या जन्माच्या दिवसाची गोष्ट आहे. अनिरुद्ध कामासाठी म्युनिकला गेलेला. माझे दिवस भरायला तीन आठवडे बाकी, म्हणून तो निर्धास्त. दुपारी दोन वाजता मला कळा सुरू झाल्या. मी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कांचनला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच वर आली. म्हणाली, "थांब, ॲम्ब्युलन्स बोलावते." मी म्हटलं, नको. त्यांना जर्मनमध्ये पत्ता समजावत बसायला तुला येतं का? खाली आमची गाडी उभी आहे. तू चालव.

तेव्हा ती म्हणाली — शब्द माझ्या कानांत अगदी जसेच्या तसे आहेत — "वैदेही, माझं लायसन्स इथे आता चालत नाही गं. सहा महिने होऊन गेलेत." आपलं भारतातलं लायसन्स इथे आल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर गाडी चालवणं हा इथे गुन्हा आहे. नुसता दंड भरून सुटायचा प्रकार नव्हे, गुन्हा. आपल्यातल्या किती जणांना हे वेळेवर कळतं? तिला कळलेलं होतं. तिला येऊन आठवा महिना चालू होता आणि ती चाकाला हात लावत नव्हती.

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, "म्हणजे मी इथेच मरू का?" आणि मेजावरची किल्ली उचलून तिच्या हातात कोंबली. कणकेने भरलेल्या हातात.

हाइलब्रॉनच्या इस्पितळाच्या आधीचं शेवटचं वळण, उजवीकडचं. इथे उजवीकडे वळताना मान वळवून मागे बघायचं असतं, सायकलच्या वाटेवरून कोणी येत असेल म्हणून. आपल्याकडे कोण बघतं मागे? आणि मी तर शेजारी बसून किंचाळत होते. आमची गाडी ज्याच्या सायकलीवर गेली तो एक निवृत्त गृहस्थ होता. त्याचं खुब्याचं हाड मोडलं. दोन ॲम्ब्युलन्स आल्या, एक त्याच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. माझ्या ॲम्ब्युलन्सचं दार बंद होताना मला कांचन दिसली, रस्त्याच्या कडेला, पोलिसाशेजारी, हाताला कणीक तशीच. तासाभरात रेवा झाली. सव्वातीन किलो, अगदी ठणठणीत.

महिन्याभराने पोलिसांचा कागद आला. मला लेखी विचारलं होतं — गाडीची किल्ली कुणी दिली? चालवणारीकडे वैध परवाना नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का? कारण जाणूनबुजून गाडी देणाराही इथे गुन्हेगार ठरतो. अनिरुद्धचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. त्याने मला सरळ विचारलं, "तिने तुला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

त्याने माझ्या बोलण्याप्रमाणे जर्मनमध्ये लिहिलं आणि मी सही केली. किल्ली मेजावर होती, ती तिने आपणहून घेतली. मला काही ठाऊक नव्हतं. रेवा माझ्या मांडीवर दूध पीत होती, म्हणून सही थोडी वाकडी आली.

मघाशी म्हटलं ना, मी एकही खोटं वाक्य बोलले नाही? बोलले नव्हतेच. ते आधीच लिहून, सही करून ठेवलेलं होतं.

कांचनला पिवळ्या पाकिटातून कोर्टाची शिक्षा घरपोच आली, इथे सुनावणीशिवायही अशी येऊ शकते. परवान्याशिवाय गाडी चालवणं, आणि निष्काळजीपणाने एका माणसाला जखमी करणं. शिक्षा आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती डिंकाचे लाडू घेऊन वर आली. मी वाट बघत होते, आता ही विचारेल. भांडेल. ती रेवाच्या तळपायाला बोट लावत म्हणाली, "वकिलाने तुझा कागद दाखवला मला. बरं केलंस तू. दोघींनी कशाला अडकायचं? तुझं लेकरू केवढंसं आहे."

त्या दिवसापासून मी तिचा द्वेष करते. आता सांगितलं एकदाचं. हेवा नंतरचा, मूळ हे. ती ओरडली असती, चारचौघांत माझं नाव घेतलं असतं, तर मी कदाचित तिचे पाय धरले असते आणि मोकळी झाले असते. तिने मला मोकळं होऊच दिलं नाही. सात वर्षं ती खालच्या मजल्यावरून हसत वर यायची, रेवाला उचलून घ्यायची, आणि दर वेळी मला ती वाकडी सही दिसायची. मग तो कोरा कागद आला. म्हणजे तिचं सगळं पुसलं गेलं — आणि माझं? माझं तर कुठे लिहिलेलंच नव्हतं. ती कोरी होऊन माझ्यासमोर रडत-हसत उभी होती, आणि मला ते बघवेना.

पुढचं भराभर झालं. 'म्हातारा माणूस जखमी झाला' याचं दोन आठवड्यांत 'म्हाताऱ्या माणसाला मारलं' झालं. कोणी म्हणे, ती आधी कुठेतरी वृद्धाश्रमात कामाला होती, तिथलं प्रकरण. मी दुरुस्त केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, मला नक्की माहीत नाही गं. रविवारी वर्गात आधी दोन मुलं कमी झाली, मग पाच. मग एक दिवस कांचन थालीपीठाचं पीठ भिजवून बसली आणि रेवाखेरीज कोणीच आलं नाही. रेवाला मीच पाठवलं होतं. नाही पाठवलं तर दिसलं असतं ना.

मंडळातल्या एकीचा मुलगा कांचनच्याच किटात जायचा. तिने तिथल्या मुख्य बाईंच्या कानावर घातलं. कायद्याने कांचन "माझ्यावर काही नाही" म्हणू शकत होती. पण तिने त्या बाईंना सगळं खरं सांगितलं, अपघात, लायसन्स, सगळं. फक्त गाडीत शेजारी कोण होतं ते सांगितलं नाही. त्या बाईंनी म्हणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि पाचव्या महिन्यात प्रोबेत्साइटमध्ये पत्र आलं. कारण द्यावं लागत नाही. त्यांनी दिलंही नाही.

ती एकदाच माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "सांगितलंस तर सांगितलंस. पण गाडी होती एवढं तरी सांगायचं होतंस की."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "कांचन, मुलांच्या बाबतीत लोक घाबरणारच. मी असते तर मीही घाबरले असते."

माझ्या मागे रेवा येऊन उभी होती. तिच्यासमोर कांचन काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी रेवाला आत जा म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी तिच्या नवऱ्याने बॉनला नोकरी धरली आणि ते गेले. सामानाचा ट्रक आला त्या दिवशी मी पडदा ओढून घेतला होता. वर्ग बंद पडला. मंडळाच्या वृत्तांतात मी लिहिलं — शिक्षिकेअभावी. अक्षर चांगलं आहे माझं.

यानंतरचं एक राहिलं. दर वर्षी रेवाच्या वाढदिवसाला कांचनचा संदेश येतो. माझ्या फोनवर, कारण रेवाचा नंबर तिच्याकडे नाही, आणि मी दिलेला नाही. माझ्यासाठी त्यात एक अक्षर नसतं. फक्त रेवासाठी असतो. मी तो दर वर्षी पुसते.

परवा रेवा बारा वर्षांची झाली. सकाळी सातलाच संदेश आला. या वेळी आवाज होता. मी न्हाणीघरात जाऊन, दार लावून, कानाला लावून ऐकला. "रेवाबाई, लई मोठी झाली असशील गं. मावशीची आठवण येते का? मराठीत भांडतेस ना अजून?" मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि संपला. मी पुसला. तोंड धुतलं, बाहेर आले.

रेवा टेबलापाशी दप्तर भरत होती. माझ्याकडे न बघता, जर्मनमध्येच म्हणाली, "आज कुणाकुणाचे मेसेज आले?" मी आजीचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं. तिने दप्तराची चेन ओढली. मग म्हणाली, "कांचनमावशी मला विसरली ना?"

मी म्हटलं, "हो."

"एगाल," रेवा म्हणाली, आणि दप्तर उचलून शाळेला गेली.